साठ दिवसांची थंडी

डोंबिवलीच्या थंडीला बाहेरगावचे लोक हसतात. माझी नाशिकची बहीण दर डिसेंबरात फोनवर विचारते, "काय गं, पंखा एकवर आणलास की नाही अजून?" खरं आहे तिचं. आमच्याकडे थंडी येते ती पंधरा-वीस दिवसांपुरती. पहाटे कोपरच्या बाजूने खाडीवरचं धुकं आत सरकतं, कारखान्यांचा उग्र वास त्यात अडकून खाली बसतो, बाजारात वालाच्या शेंगा आणि हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागतात, दूधवाला कानाला मफलर गुंडाळतो. दहा वाजता ऊन चढलं की सगळे पुन्हा घामेजलेले. एवढीशी थंडी. पण परवा सकाळी गॅलरीत उभी होते, कठड्याचं गार लोखंड तळहाताला लागलं, आणि माझे दोन्ही हात आपोआप पदराखाली गेले. एकमेकांवर घासून मी ते गरम करायला लागले. पस्तीस वर्षं उलटून गेली, तरी थंडीचा पहिला स्पर्श झाला की माझ्या हातांना वाटतं, आधी गरम व्हायला हवं, मग आत जायचंय.

आत म्हणजे ठाण्याच्या एका हॉस्पिटलातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. तिथे काचेच्या सहा पेट्या होत्या, आणि त्यातल्या चौथीत माझी मुलगी.

त्या वर्षी मला तिसावं सरत होतं. मी डोंबिवलीत एका शाळेत पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवायची. माझा नवरा श्रीकांत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्या विधवा, शिस्तीच्या, आणि सोवळ्याच्या फार कडक. शेजारी हळदीकुंकवाला मला बोलावणं असलं तर दारापर्यंत सोबत जायच्या, पण परक्याच्या घरचं पाणीही घ्यायच्या नाहीत. श्रीकांतला मी नावाने हाक मारते हे त्यांना खटकायचं. तसं त्या बोलल्या कधीच नाहीत, पण मी हाक मारली की हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवायच्या. आमच्यात भांडण नव्हतं. मोकळेपणाही नव्हता.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. आधी दोनदा दिवस राहिले आणि गेले होते. तिसऱ्या वेळी सहा महिने नीट पार पडले तेव्हा सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. तारीख फाल्गुनातली होती. मार्गशीर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती, मुली टिपऱ्यांचा नाच करत होत्या, आणि मी खुर्चीतून उठले तर खुर्ची ओली. रक्त होतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, इथे थांबू नका, ठाण्याला जा, बाळ आज होणार आणि त्याला पेटी लागणार. टॅक्सी शीळफाट्यावरून मुंब्र्याकडे वळली तेव्हा दुपारचं ऊन डोंगरावर होतं. मी पोटावर दोन्ही हात दाबून धरले होते, जणू हातांनीच तिला आत थांबवून ठेवता येणार होतं.

ती संध्याकाळी झाली. वजन साडेअकराशे ग्रॅम. रडली म्हणावं असा आवाज नव्हताच, न वंगणलेलं दार किंचित करकरावं तेवढंच काहीतरी ऐकू आलं, आणि तिला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी मला व्हीलचेअरवरून नेऊन दाखवली. मी आई झाले होते, पण जे बघत होते त्याच्याशी माझं काय नातं आहे ते मला कळेना. तांबूस, पातळ कातडी, आतल्या शिरा दिसणाऱ्या. कान कागदासारखे मऊ, एका बाजूला झोपवलं की दुमडून तसेच राहायचे. पाठीवर बारीक लव. नाकातून नळी, डोळ्यांवर काळी पट्टी, वरून काविळीसाठीचा निळा दिवा. पोरीचं तोंड कसं आहे तेच मला दिसत नव्हतं. पेटीवर चिकटपट्टी लावलेली होती, तिच्यावर माझं नाव. बाळाला नाव नव्हतं, ते अमक्या बाईचं बाळ होतं.

तिथल्या मुख्य सिस्टर फिलोमिना. वसईकडच्या, पन्नाशीच्या, कमरेत जाड्या आणि पावलांनी हलक्या. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. हात कोपरापर्यंत धुवायचे, पुसायचे, आणि मग चोळून गरम करायचे. "गार हात लावलास तर ती ऊब करण्यातच सगळी ताकद घालवेल गो. श्वास घ्यायला काय उरेल मग?" माझे हात जन्माचे गार. मी दाराबाहेर उभी राहून ते पाच-पाच मिनिटं चोळायची. आत पेटीच्या गोल झरोक्यातून एक बोट घालायला परवानगी होती. तिच्या तळव्यावर बोट ठेवलं की तिची बोटं मिटायची. माझ्या बोटाच्या एका पेरालाही पुरायची नाहीत.

श्रीकांत कारखान्यातून रोज संध्याकाळी यायचा. तो तिच्याकडे कमी आणि यंत्राकडे जास्त बघायचा. हवा कुठून आत येते, कुठे तापते, काटा किती अंशांवर थांबतो, हे त्याने दोन दिवसांत समजून घेतलं आणि वहीत पेटीचा उभा छेद काढला. मापं अचूक, बाण काढलेले. पेटीत बाळ मात्र काढलं नव्हतं. मी त्याला विचारलं नाही. ज्याला जिकडे बघवतं तिकडे त्याने बघावं, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी डोंबिवलीच्या घरी सटवाईची पूजा केली. बाळ नाही, बाळंतीण नाही. पाटावर कोरा कागद, दौत, टाक. सटवाई येते आणि मुलाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते म्हणतात. श्रीकांतने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की पूजा झाल्यावर आई बराच वेळ पाटासमोर बसून राहिल्या आणि मग त्याला म्हणाल्या, "तिला ठाण्याचा पत्ता कळेल ना रे?"

तो हे सांगताना हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही.

वॉर्डाला लागून एक लांबट खोली होती, आयांची खोली. तिथे बाकं, पडदा, एक मोरी. तिथे बसून आम्ही दूध काढायचो, आपापल्या वाटीवर नावाची पट्टी लावायचो, आणि सिस्टर त्यातलं दोन-दोन मिली नळीवाटे पोटात घालायच्या. माझ्या शेजारी हिरा बसायची. चेंदणी कोळीवाड्यातली, बावीस-तेवीस वर्षांची. नवरा खाडीत होडी घालायचा, सासू बाजारात मासळी विकायची. तिचा मुलगा तिसऱ्या पेटीत, माझ्या मुलीच्या शेजारी. पहिलटकरीण, तरी हिराला दूध असं होतं की वाटी भरून वर सांडायचं. तिचं बाळ माझ्या बाळापेक्षा लहान, त्याला एक मिलीही सोसायचं नाही. बाकीचं ती मोरीत ओतायची. ओतताना दुसरीकडे बघायची.

मार्गशीर्षातले गुरुवार ती करत होती. त्या दिवशी तिच्या सासूच्या टोपलीतही मासळी नसायची. मीही करत होते. दोघींनी एकाच देवीकडे एकच मागितलं होतं, आणि ते एकमेकींना कधी सांगितलं नाही.

या बाळांना श्वासाचा विसर पडतो. पूर्ण महिने भरायच्या आत बाहेर आलेल्या जिवाला अजून ती सवयच नसते. चांगली चाललेली छाती एकदम थांबते, ओठ निळे पडायला लागतात. सिस्टर फिलोमिना धावत यायच्या नाहीत. चार पावलांत पोचायच्या, झरोक्यातून हात घालायच्या आणि तळपायाला एक टिचकी मारायच्या. छाती पुन्हा हलायची. दिवसातून आठ-दहा वेळा. पहिल्यांदा ते माझ्यासमोर झालं तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले होते.

त्याच दिवशी सिस्टरांनी विचारलं, नाव काय ठेवलं. मी म्हणाले, ठेवलं नाही, सासूबाई म्हणतात घरी आल्यावर. खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नाव ठेवलेलं माणूस जाणं वेगळं. सिस्टरांनी माझ्याकडे न बघता सलाइनचा थेंब मोजला आणि म्हणाल्या, "हाक मारल्याशिवाय पोर परत कसं येणार गो? मी काय, बेबी म्हणून टिचकी मारते. तू नावाने मार."

मी हात धुतले, चोळले, झरोक्याला तोंड लावलं आणि म्हणाले, "रेवती." कुठून सुचलं माहीत नाही. कोणाला विचारलं नाही, पंचांग नाही, बारसं नाही. पुढे कितीतरी दिवस ते नाव मला, सिस्टरांना आणि हिराला, तिघींनाच ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी मला घरी सोडलं. मग मी रोज सकाळी श्रीकांतबरोबर ठाण्याला जायची आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर परतायची. टाक्यांची जखम होती, त्यात ताप आला, आणि तापाबरोबर दूध आटलं. सासूबाई अळिवाची खीर करायच्या, शतावरी दुधात कालवून द्यायच्या, डिंकाचे लाडू डब्यात भरायच्या. मी सगळं खायची. वाटीत चार थेंब यायचे. डॉक्टरांनी डब्याचं दूध सुरू केलं आणि दोन दिवसांत रेवतीचं पोट ढोलकीसारखं फुगलं, शी हिरवी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे तिला मानवत नाही, आईचंच दूध हवं. ते माझ्याशी सौम्यपणे बोलत होते, पण माझ्या कानात एवढंच राहिलं की तिला हवंय ते माझ्याकडे नाही.

मी आयांच्या खोलीत येऊन बसले. हिरा वाटी घेऊन मोरीकडे निघाली होती. ती थांबली. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वाटी माझ्यापुढे धरून म्हणाली, "माजं मोरीत चाललंय, बाय. तुज्या पोरीला चालंल काय?"

मला तेव्हा काय काय आठवलं हे लिहायला आज लाज वाटते. सासूबाईंचा सोवळ्यातल्या पाण्याचा वेगळा हंडा आठवला. माणसं सगळी सारखी, हे वर्गात मी मुलांना शिकवायची ते धडे आठवले. अर्धा मिनिट तरी मी त्या वाटीकडे नुसती बघत होते आणि ती हात पुढे धरून उभी होती. त्या अर्ध्या मिनिटाचा विषय तिने कधी काढला नाही. माझ्या मनातून ते कधी गेलं नाही.

सिस्टरांनी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी हिराचं रक्त तपासून घेतलं आणि हो म्हणाले. त्या दिवसापासून हिराच्या वाटीवर दोन पट्ट्या लागायला लागल्या. चार दिवसांत रेवतीचं पोट उतरलं. आठवड्याने वजनाचा काटा पहिल्यांदा वर सरकला. मी श्रीकांतला सांगितलं, आणि बजावलं की आईंना कळता कामा नये. तो बरं म्हणाला. घरी सासूबाई विचारायच्या, आज किती घेतलं गं तिने? मी सांगायची, चार मिली, पाच मिली. त्या देवापुढे साखर ठेवायच्या. मी मान खाली घालून खीर प्यायची.

एका दुपारी हॉस्पिटलातली वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि बंद पडला. पेट्या गार व्हायला लागल्या. सिस्टर फिलोमिनांनी गरम पाण्याच्या पिशव्या भरल्या, मग एकदम माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ब्लाउज सोड. त्यांनी रेवतीला पेटीतून काढलं आणि माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली, वरून शाल, वरून पदर. तिला तेव्हा नळीतून हवा लागत नव्हती, म्हणून ते करता आलं. मी हलले नाही. माझ्या अंगावर काहीतरी ठेवलंय असं वाटावं एवढाही भार नव्हता, फक्त एक ओलसर ऊब होती आणि तिच्यात पाखरासारखी धडधड. जवळजवळ दोन तास. तिचा श्वास त्या दोन तासांत एकदाही थांबला नाही.

समोर हिरा उभी होती. तिच्या मुलाला ऑक्सिजन लागायचा, त्याला सिलिंडरपासून हलवता येत नव्हतं. त्याच्याभोवती पिशव्या रचल्या होत्या आणि ती पेटीच्या काचेवर दोन्ही तळवे दाबून उभी होती. वीज आली तेव्हा काचेवर तिच्या हातांचे ठसे उमटलेले मला दिसले.

तो तीन दिवसांनी गेला. सकाळी आम्ही आलो तेव्हा तिसरी पेटी रिकामी होती, आतली गादी उभी करून ठेवली होती. हिरा आयांच्या खोलीत बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला तो. तिला तो पहिल्यांदाच मिळाला होता. ती रडत नव्हती, कपड्याची घडी उघडून त्याचा एक पाय बघत होती. मी तिच्याशेजारी बसले. तिची सासू आली, नवरा आला, आणि ते त्याला घेऊन गेले.

आता ती येणार नाही, हे धरून मी दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेले. रेवतीला काय पाजायचं हा विचार माझ्या डोक्यात होता. दुसऱ्याचं मूल जाऊन एक दिवस झाला होता, आणि मी दुधाचा हिशोब करत होते. आई झाल्यावर माणूस मोठ्या मनाचं होतं म्हणतात, पण मी त्या दिवसांत फार लहान झाले होते.

तिसऱ्या दिवशी हिरा आली. छातीवर फडकं घट्ट बांधलेलं, डोळे सुजलेले. सिस्टरांनी तिला जवळ घेतलं तर ती बाजूला झाली. मला म्हणाली, "बांधून बघितलं. ताप भरला. ते काय थांबत नाय. हितं तरी कामाला येईल." आणि पडद्यामागे गेली.

पुढचे सतरा-अठरा दिवस ती रोज आली. वॉर्डात जायची नाही, काचेपाशी थांबायची नाही. वाटी भरायची, पट्टी लावायची, जायची. पूर्वी आमचं बोलणं व्हायचं, पोटातल्या लाथांचं, नवऱ्यांचं. आता मला तिच्याकडे बघवायचं नाही. मी पुस्तकात डोकं घालायची. ती जाताना कधी म्हणायची, "जाते गो." मी मान हलवायची.

संक्रांत आली. बायका एकमेकींना तिळगूळ देत होत्या. मी हिरासाठी पुडी आणली होती. ती त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एव्हाना रेवतीला डब्याचं दूध मिसळून दिलेलं सोसायला लागलं होतं, माझंही थोडं परत आलं होतं, डॉक्टर म्हणाले आता काळजी नाही. ती येत नाही हे लक्षात आल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. तिळगुळाची पुडी मी सिस्टरांना दिली.

रेवती रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी घरी आली. साठावा दिवस होता तो. वजन पावणेदोन किलोच्या जरा वर. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला हातात घेतलं आणि लगेच मला परत दिली. थंडी तेव्हा उतरणीला लागली होती, दुपारी ऊन चटचट लागायचं, तरी पुढचा महिनाभर आमच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या आणि कोपऱ्यात शेगडी होती.

ती जगली. वर्षाची झाली तेव्हा कळलं की तिच्या डाव्या डोळ्याला दिसत नाही. जास्त ऑक्सिजनने डोळ्याचा पडदा दुखावतो, डॉक्टरांनी समजावून सांगितलं, त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. उजव्या डोळ्याला जाड भिंग लागलं. उशिरा बसली, उशिरा चालली, आणि बोलायला लागली ती मात्र थांबेचना. आज ती चार शब्दांत माझं तोंड बंद करते. तिच्या चष्म्यावर कोणी हळहळलं की मला राग येतो. ज्यांनी ती टिचकी पाहिलेली नाही त्यांना काय सांगायचं?

आणि हिरा? चेंदणी ठाणे स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. मी सात वर्षं गेले नाही. पहिल्या वर्षी म्हटलं, तिची जखम ओली असेल, आपलं जिवंत मूल घेऊन कसं जायचं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, इतके दिवस गेलो नाही, आता काय तोंडाने जायचं. मग शाळा, परीक्षा, रेवतीचं डोळ्यांचं हॉस्पिटल. न जायची कारणं आपोआप वाढत जातात. त्यांना वेगळं दूध लागत नाही.

रेवती दुसरीत असताना ठाण्याला शिक्षकांचं एक शिबिर होतं. मार्गशीर्षच होता. दुपारी जेवायची सुट्टी झाली आणि मी डबा न उघडता उठले. कोळीवाड्यात दोन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक बाई जाळं पसरून बसली होती, अंगाने भरलेली, नाकात मोठी चमकी. तिने मला आधी ओळखलं.

"आलीस," ती म्हणाली. बस म्हणाली. आत जाऊन तिने चहा टाकला. भिंतीवर दोन मुलगे फोटोत होते, सहा वर्षांचा आणि तीन वर्षांचा. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी म्हणाले, "हिरा, मी यायला हवं होतं. तेव्हाच."

ती म्हणाली, "तुजी सासू येते ना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने जाळं बाजूला केलं आणि सांगितलं. तिचं पोर गेल्याला महिना झाला होता, ती दूध द्यायला यायची थांबली होती, तेव्हा एक दिवस पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी विचारत विचारत दारात आली. श्रीकांतची आई म्हणून सांगितलं. ओट्यावर बसली. हिराच्या सासूने पाणी आणलं ते घेतलं नाही. "मना राग आलेला," हिरा म्हणाली, "म्हटलं, माजं दूध चालतं, पाणी नाय चालत?" म्हातारीने नारळ आणि खण हिराच्या ओटीत घातला आणि गेली. पुढच्या वर्षी थंडीत पुन्हा आली. या वेळी बसल्या बसल्या स्वतःहून म्हणाली, घोटभर चहा दे. मग दर वर्षी. हिराच्या दोन्ही बाळंतपणांत अळीव आणि डिंकाचे लाडू आले होते.

श्रीकांतने मला शब्द दिला होता आणि त्याच संध्याकाळी आईला सगळं सांगून टाकलं होतं, हे मला त्या दिवशी हिराच्या तोंडून कळलं. ज्या घरात मी मान खाली घालून खीर प्यायले, तिथे ती करणारीला सगळं ठाऊक होतं. डोंबिवलीबाहेर एकट्या कधी न गेलेल्या त्या बाईने स्टेशनावर कोणाला गाडी विचारली असेल, कोळीवाडा कसा शोधला असेल, घरी मला कोणत्या देवळाचं नाव सांगितलं असेल, मी परतताना हेच डोक्यात घोळवत होते.

घरी पोचले तेव्हा सासूबाई गॅलरीत उन्हाच्या पट्ट्यात बसून डाळिंब्या सोलत होत्या. मी पिशवी ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले. चार वाल हातात घेतले.

"आई, मी आज चेंदणीला जाऊन आले."

त्यांनी सोलणं थांबवलं नाही. विचारलं, "धाकट्याचा खोकला गेला का?"

"गेला म्हणाली."

"तिला सांगितलं होतं, आडुळशाचा रस दे."

आम्ही दोघी सोलत राहिलो. मग मी विचारलं, त्यांनी मला कधी सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, "तू तरी मला कुठे सांगितलं होतंस?" आवाजात राग नव्हता. पुढे हळूच म्हणाल्या, "आपलं मूल जगलं, हे तिला कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. पहिल्या खेपेला तेवढंही मला बोलता आलं नाही. तशीच परत आले. दुसऱ्या वर्षी सांगितलं."

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघी निघालो, त्या, मी आणि रेवती. रेवतीला गाडीत मी सगळं सांगितलं, तिला कळेल तेवढं. तिने चष्म्याआडून दोघींकडे आळीपाळीने बघितलं. ठाण्याला उतरल्यावर तिचा प्रश्न आला, "मग मी तिला काय म्हणायचं?"

मावशी म्हण, मी म्हणाले.

"मावशी कशी?" सासूबाई म्हणाल्या. "दूधआई आहे ती तुझी." आणि रेवतीचा हात धरून त्या पुलाच्या पायऱ्या चढायला लागल्या, माझ्यापुढे, वाट माहीत असल्यासारख्या.